ग्राफिक डिझाइनसाठी परवडणारा संगणक: आधी फाइल मोजा, मग सुटे भाग निवडा

भिलाईत गणेशोत्सव जवळ आला की आमचे काही विद्यार्थी मंडळांचे फ्लेक्स करून फीचे पैसे उभे करतात. त्यांच्यापैकी एकाने वडिलांच्या साठवणीतून संगणक जोडून घेतला. दुकानदाराने गेमिंगचे महाग ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारले आणि उरलेल्या पैशांत ८ जीबी रॅम व साधा मॉनिटर बसवला. पहिल्याच मोठ्या फ्लेक्सला मशीन अडकू लागले. तेवढ्याच पैशांत त्याचे काम सुरळीत झाले असते.

कसे, ते गणिताने पाहा. १० × ४ फुटांचा फ्लेक्स म्हणजे १२० × ४८ इंच. ७२ डीपीआयला ८६४० × ३४५६, म्हणजे जवळपास ३ कोटी पिक्सेल. आरजीबीत प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले तर एक पूर्ण लेयर सुमारे ९० एमबीचा होतो आणि सीएमवायकेत १२० एमबीचा. आरजीबीतच असे २० लेयर झाले की १.८ जीबी. त्यात अनडूसाठी जपलेल्या जुन्या अवस्था, विंडोज आणि उघडा ब्राउजर मिळवा. रॅम भरली की फोटोशॉप डिस्कवर लिहू लागते, आणि खरा वेळ तिथेच जातो.

हाच फ्लेक्स ३०० डीपीआयला केलात तर एकच लेयर दीड जीबीच्या पुढे जातो. शिवाय रुंदी ३६,००० पिक्सेल होते आणि पीएसडी फाइलची मर्यादा ३०,००० आहे. फ्लेक्स लांबून पाहतात, त्यामुळे ७२ डीपीआय बहुधा पुरते. यासाठी एक रुपयाही लागत नाही!

म्हणून पहिला पैसा रॅमवर घाला. किमान १६ जीबी, तीही ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत. प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरते आणि दोन पट्ट्यांनी त्याला वेग मिळतो. बोर्डावर चार स्लॉट असतील तर पुढे वाढवणे सोपे. विंडोज आणि चालू कामासाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. जुनी कामे साध्या हार्ड डिस्कवर ठेवा.

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी किंवा इंटेल आय५-१२४०० पुरे. बिलावर नाव नीट वाचा: १२४००एफ थोडा स्वस्त असतो, पण त्यात ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्ड घ्यावेच लागते. कोरलड्रॉ, इंकस्केप, फोटोशॉपच्या रोजच्या कामाला वेगळे कार्ड लागत नाही. ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करणार असाल तर गोष्ट वेगळी.

मॉनिटरवर मात्र काटकसर नको. आयपीएस पॅनल घ्या आणि एसआरजीबी ९९ टक्क्यांच्या आसपास आहे का ते विचारा. टीएन पॅनलवर मान थोडी हलवली तरी रंग बदलतो. तुम्ही भगवा म्हणून निवडलेला रंग छापून तांबडा निघाला, तर दुसऱ्या छपाईचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल. चांगल्या मॉनिटरवरही छोटा नमुना छापून पाहाच.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धूळही भरपूर. कॅबिनेटला जाळीचे फिल्टर असावेत. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा, ४५० वॉटचा घ्या. वीज गेल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरता ६०० व्हीएचा यूपीएस चालेल.

दुकानात जाण्याआधी तुमची सर्वांत जड फाइल महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर उघडा, नेहमीसारखे अर्धा तास काम करा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा पाहा. तो कागदावर लिहून सोबत न्या.