हसऱ्या घरांचा नकाशा

जुन्या विनोदी मालिकांचे आणि नाटकांचे चाहते एकत्र जमले की गप्पा दोन विषयांवर हमखास रेंगाळतात. पहिला, घराचा नकाशा कसा जुळत नाही. मागच्या भागात स्वयंपाकघराचं दार डावीकडे होतं, आज ते उजवीकडे कसं गेलं? बाहेरून एवढीशी दिसणारी इमारत, मग आत एवढा मोठा दिवाणखाना मावतो कुठे? दुसरा, मुख्य नट गेला किंवा मालिका सोडून गेला त्यानंतर उरलं काय. पहिला विषय हसत-खिदळत चघळला जातो, दुसऱ्याला आवाज आपोआप खाली येतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाला वाटत नाही. माझ्या मते हा एकच विषय आहे. विनोदी घर सुतार बांधत नाही, ते नटाच्या येण्याजाण्यातून उभं राहतं. म्हणूनच त्याचा नकाशा जुळत नाही, आणि म्हणूनच नट गेला की त्या घराचं नेमकं काय करायचं हे निर्मात्याला कळेनासं होतं.

सेट कसा लागतो हे वाचकांना सांगायला नको. तीन भिंती, चौथीच्या जागी कॅमेरे किंवा प्रेक्षक. घरातला सोफा कधीच भिंतीला लागून नसतो, जेवणाच्या टेबलाची एक बाजू कायम रिकामी असते, आणि मुख्य दार जिथून एंट्री चांगली दिसेल तिथेच येतं. वास्तुशास्त्रवाल्यांनी हा प्रकार पाहिला तर ते तोंडात बोटं घालतील. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधली गोकुळधाम सोसायटी घ्या. आवाराचा सेट गोरेगावच्या फिल्मसिटीत, घरांचे आतले भाग वेगळे उभारलेले. बाहेर दिसणारी इमारत आणि आतलं घर यांचा मेळ बसणार कसा? पण जेठालाल सकाळी आपल्या गॅलरीत येऊन समोर बबिताजी दिसते का हे पाहतो, तेवढ्यापुरती ती गॅलरी पक्की असते. तिथून पुढची खोली किती फूट लांब आहे याच्याशी त्या विनोदाला कर्तव्य नाही. अमेरिकेतल्या ‘फ्रेंड्स’मध्ये मोनिकाच्या घराचा क्रमांक आधी ५ होता. घर बरंच वरच्या मजल्यावर दिसतं, हे निर्मात्यांच्या लक्षात आल्यावर तो गुपचूप २० झाला. क्रमांक चुकीचा होता म्हणून आधीच्या भागांत कुणी कमी हसलं नव्हतं, आणि बरोबर झाला म्हणून नंतर कुणी जास्त हसलं नाही.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हे ऐकून नवल वाटू नये, कारण आपण वर्षानुवर्षं कापलेले सेट पाहत आलो आहोत. मुंबईच्या रंगमंचासाठी बांधलेलं घर दौऱ्यावर निघतं तेव्हा ते बसच्या टपावर आणि डिकीत मावेल तेवढंच निघतं. छत्रपती संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर, तापडिया नाट्यमंदिर, सिडकोतलं संत तुकाराम नाट्यगृह, प्रत्येकाचा रंगमंच वेगळा, विंगा वेगळ्या, उंची वेगळी. मग एखादा फ्लॅट गाळला जातो, जिना अर्ध्यावर संपतो, खिडकीऐवजी नुसता पडदा येतो. तालुक्याच्या गावी खुल्या मंचावर प्रयोग असेल तर दोन खुर्च्या आणि एक चौकट एवढंच उरतं. मुंबईच्या शिवाजी मंदिरात दिसलेलं घर आणि इथे दिसलेलं घर एकच आहे असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. तरी सेट अपुरा म्हणून तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं ऐकिवात नाही. पैसे मागितले जातात ते तिकीट खिडकीशेजारी खडूने लिहिलेला फळा पाहून, की अमुक यांच्या जागी आज तमुक भूमिका करतील. प्रेक्षकाने दिलेला हा निकाल समीक्षकांनी फारसा मनावर घेतलेला नाही.

मालिकांचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्यातला बराचसा भाग कंटाळवाणा आहे. मुंबई दूरदर्शनवर १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आलं. चिं. वि. जोशींचं घर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चालतं-बोलतं केलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये बाळ कर्वे गेले, तेव्हा ज्यांनी ती मालिका कधी पाहिलीच नाही अशांनीही गुंड्याभाऊ गेला म्हणून हळहळ व्यक्त केली. पुढे १९८४ साली हिंदीत ‘ये जो है जिंदगी’ आली. सतीश शाहने तिथे दर भागात नवा माणूस उभा केला, आणि घरात रोज नवा पाहुणा येतो तरी घर तेच कसं वाटतं याचा धडाच घालून दिला. मग खासगी वाहिन्या आल्या, भारंभार मालिका आल्या, त्यांतल्या बहुतेक आल्या तशा गेल्या. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१ ते २००५) मात्र वेगळी ठेवावी लागते. तेच प्रभावळकर, चिमणरावचे आता आबा झालेले. टिपऱ्यांच्या घराचा क्षेत्रफळाचा हिशोब करणारे चाहते आहेत. त्यांनी तो खुशाल करावा. ते घर आबांच्या बसण्याभोवती लागलेलं होतं एवढं त्यांनी त्यात मांडलं की काम झालं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे विनोदी घरांच्या या चर्चेत कुणी घेतच नाही, कारण त्यात घरच नाही. सेट नाही, भिंत नाही, दार नाही. १९७९च्या अखेरीस तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालेला हा प्रयोग, एक माणूस, बावन्न पात्रं, जवळपास तीन तास. देशपांडे इथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते हे विसरून चालणार नाही. पुण्या-मुंबईकडची काही जाणकार मंडळी आजही या प्रयोगाला कथाकथन म्हणतात, काही नकला म्हणतात, आणि फार औदार्य दाखवायचं तर ‘लोकप्रिय एकपात्री’ म्हणून सोडून देतात. त्यांनी एकदा हे नाटक नुसतं पाहून, कान झाकून, तपासावं. मराठवाड्यातल्या खेड्यातलं घर, तिथून निघालेली बैलगाडी, मग एसटी, मग विमान, मग लंडन. हा सगळा भूगोल एका माणसाच्या खांद्याच्या वळण्यावर उभा राहतो. म्हाताऱ्याचं पात्र घेताना नजर खाली आणि मान पुढे. त्याला उत्तर देणारा तरुण आला की तीच मान ताठ आणि नजर वर. दोघं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे त्या नजरेवरून कळतं. एसटीत गर्दी आहे हे सांगायला शेजारी कुणी लागत नाही. अंग चोरून उभं राहिलं की झालं. कथाकथन करणारा माणूस आपल्या जागेवरून बोलतो, त्याला जागा बदलायची गरज नसते. इथे मात्र जागा बदलल्याशिवाय गोष्टच पुढे सरकत नाही. याला नाटक म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि या नाटकात चुका नसतील असं थोडंच आहे? सेट नाही म्हणून कुणी पकडत नाही इतकंच. एसटीचं दार प्रत्येक वेळी एकाच बाजूला होतं का, विमानातल्या कुणाची खिडकी मध्येच बदलली का, हे तपासायला बसलं तर चाहत्यांची एक वही भरेल. पण तपासावंसं वाटत नाही, कारण डोळ्याला एकच आधार असतो, नटाचं शरीर, आणि ते जिथे असेल तिथे दार असतं. सेट असलेल्या विनोदी घरातही हेच घडतं. तिथे फक्त रंगवलेल्या लाकडी भिंती आपल्याला फसवतात की घर त्यांनी बनलंय. वऱ्हाडाने तो आडपडदा काढून टाकला. २००४ साली गिनीज बुकाने याची नोंद घेतली तेव्हा आपल्याकडे बावन्न या आकड्याचं कौतुक झालं. कौतुक आकड्याचं नव्हे, अंतरांचं व्हायला हवं होतं: एक माणूस बावन्न माणसांमधली अंतरं कायम राखतो याचं.

देशपांडे २००९च्या फेब्रुवारीत गेले. पुढे माजलगावच्या संदीप पाठकने हेच वऱ्हाड पुन्हा उभं केलं, आणि ते चाललं. इथे माझ्यावर आक्षेप येणार हे उघड आहे. नटाच्या येण्याजाण्यातून घर उभं राहतं, तर नट गेल्यावर तेच घर दुसऱ्याने कसं उभं केलं? मग तुमचा सिद्धांत कोसळला की! आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला आणखी पुरावे मीच देतो. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ बापूराव मान्यांची होती, मग विजय चव्हाणांची झाली, नंतर भरत जाधवने केली. मच्छिंद्र कांबळी ३० सप्टेंबर २००७ रोजी गेले, तरी गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मधले तात्या सरपंच दुसऱ्या नटाच्या अंगात आले. रंगभूमीवर रिप्लेसमेंट ही रोजची गोष्ट आहे. आजारपण, लग्न, चित्रीकरण, कशासाठीही.

उत्तर तालमीत आहे. नाटकाच्या हालचाली बसवलेल्या असतात. कुठल्या वाक्यावर उठायचं, कुठल्या वाक्याला टेबलाच्या पुढून जायचं, हे तालमीच्या वहीत असतं, सहकलाकारांच्या अंगात असतं, प्रॉम्प्टरच्या डोक्यात असतं. नवा नट येतो तेव्हा त्याच्या हाती नुसती संहिता पडत नाही, चालायची वाटही पडते. लुगड्यातला पुरुष कुठे ठेचकाळणार हे मावशीच्या विनोदाच्या रचनेतच आहे. चव्हाणांनी तिथे आपलं ठेचकाळणं घातलं, पण जागा वारशाने आली होती. वऱ्हाडाचं तर याहून स्पष्ट आहे. तो प्रयोग इतका बांधेसूद आहे की शिकवता येतो. नाट्यशास्त्राच्या प्राध्यापकाने लिहिलेला आहे, हा योगायोग नव्हे. नकलाकार गेला की नकला संपतात. नाटक हस्तांतरित होतं. कथाकथन म्हणणाऱ्यांनी या मुद्द्यावर कधी तोंड उघडलेलं नाही.

मालिकेत असं काही हाती देण्यासारखं नसतं. सकाळी पानं येतात, दुपारी चित्रीकरण, दिग्दर्शक आठवड्यात बदलतो. घरातल्या हालचाली कुणी लिहून ठेवत नाही. त्या नटाच्या सवयीत राहतात. ‘तारक मेहता’ त्या दृष्टीने चालती प्रयोगशाळा आहे. टप्पू तीन जणांनी केला. डॉक्टर हाथी आधी निर्मल सोनी होता, मग कवी कुमार आझाद आला, २०१८ साली तो गेल्यावर पुन्हा निर्मल सोनी. घनश्याम नायक २०२१ साली गेले, तरी नट्टूकाका दुसऱ्या चेहऱ्याने परतले. खुद्द तारक मेहता बदलला. आणि जेठालालची बायको दया? दिशा वाकानीने २०१७ साली मालिका सोडल्यापासून ती जागा रिकामी आहे. निर्मात्याला नटी मिळत नसेल यावर कोण विश्वास ठेवेल? बाकीची पात्रं सोसायटीच्या आवारात भेटतात, म्हणजे मोकळ्या जागेत. दया मात्र जेठालालच्या घराचा नकाशा होती. स्वयंपाकघरातून बाहेर येणं, आईच्या फोनला धावणं, मध्येच गरब्याची एक गिरकी, याच रेषांनी ते घर आखलं होतं. त्या रेषा कुठेच उतरवून ठेवलेल्या नव्हत्या. दुसरी बाई आणली तर ती चालणार कुठून कुठे? उलट ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये शनाया बदलली आणि परत पहिली शनाया आली तरी मालिका अडली नाही, कारण शनाया हे कुणाच्या घरात घुसलेलं पात्र होतं, घर नव्हे. थुकरटवाडीचं मात्र दयासारखं. ‘चला हवा येऊ द्या’ २०२५ साली सूत्रसंचालक निलेश साबळेशिवाय परत आलं. मंचाची कमान तशीच असली तरी गावाची वेस कुठे लागते हे नव्याने ठरवावं लागलं.

दुसरा आक्षेप तरुण चाहत्यांचा. मोबाइलवर भाग थांबवून, चित्र मोठं करून ते चुका शोधतात आणि म्हणतात, तुमच्या या तत्त्वज्ञानाच्या आड निव्वळ बेफिकिरी लपते. अर्धं खरं आहे. दैनंदिन मालिकांनी कंटिन्युटीचे जे धिंडवडे काढलेत त्यांचं समर्थन करायची माझी तयारी नाही. एका दृश्यात भरलेला चहाचा कप दुसऱ्यात रिकामा आणि तिसऱ्यात पुन्हा भरलेला, याला घाई म्हणतात, कला नव्हे. फरक करायचा तर कसोटी एकच. नकाशातली चूक नटाला वाट करून देण्यासाठी झाली आहे का? दार सरकलं आणि त्यामुळे एंट्री खुलली, तर ते दार बरोबर जागी आहे. दार सरकलं आणि कुणालाच काही मिळालं नाही, तर सेट लावणाऱ्याने पैसे परत करावेत.

खरी पडझड याच्या उलट दिशेने झाली आहे. आज सेट प्रचंड आहेत, जिने वळणदार, झुंबरं खरी, नकाशा बहुधा बिनचूक. आणि त्यात कुणी चालतच नाही. पात्रं अर्धवर्तुळात उभी राहतात, एक वाक्य झालं की कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावर फिरतो, पार्श्वसंगीताचा दणका, पुढचं वाक्य. विनोदी मालिकांनीही तीच चाल उचलली. अशा घरातून कुणीही गेलं तरी फारसं बिघडत नाही, आणि वाहिन्यांच्या दृष्टीने ती सोयच आहे.

चुका शोधणाऱ्या चाहत्यांकडून म्हणूनच एक मागणं आहे. ‘चिमणराव गुंड्याभाऊ’च्या काळात दूरदर्शनवर टेपा पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यात काय काय गेलं याला गणती नाही. जे उरलंय ते थांबवून-थांबवून पाहण्याइतका वेळ आणि चिकाटी याच मंडळींकडे आहे. दार कुठे सरकलं हे लिहिताना, ते कोण आत येत असताना सरकलं तेही शेजारी लिहावं. देशपांड्यांच्या वऱ्हाडाचं चित्रण उपलब्ध आहे, पाठकचा प्रयोग पाहता येतो. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून एसटीच्या प्रवेशातली पावलं कागदावर उतरवायचं काम आपल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतलं तर प्रबंधाला पुरेल इतका मजकूर त्या एका प्रवेशात आहे.