‘आपली’ गाणी कोणाची?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीत सध्या रविवारी दोन उपासना होतात. आठची पेटी-तबल्याची, दहाची गिटार-ड्रमची. पाळक तेच, वचनही तेच. पण आजोबा दहाला थांबत नाहीत आणि नातवंडे आठला उठत नाहीत. वडीलधाऱ्यांची तक्रार एका वाक्याची आहे: ‘ही आपली गाणी नव्हेत.’ या ‘आपली’चा माग काढायला मी जुनी गीतपुस्तके चाळू लागलो.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१मध्ये नगरला. चाली त्यांच्याकडच्या, शब्द मराठी. गोम तिथेच होती. इंग्रजी स्तोत्राचा ‘कॉमन मीटर’ म्हणजे आठ-सहा-आठ-सहा अवयवांच्या ओळी आणि ठरलेल्या जागी आघात. मराठी कान आघात मोजत नाही, ऱ्हस्व-दीर्घ ऐकतो. त्यामुळे चालीचा जोर भलत्याच अक्षरावर पडे. ‘देवाने’ म्हणताना ‘ने’ ठणकावून गाऊन पाहा, म्हणजे कळेल. शिवाय अशा स्तोत्रात प्रत्येक कडव्याला नवे शब्द. मागून ओळ धरायची सोय नाही. वाचता न येणाऱ्याने करायचे काय?

याला उत्तर मिळाले कीर्तनातून. कृष्णराव सांगळे यांनी नगर भागात ख्रिस्ती कीर्तन रुजवले. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदे थेट उपासनेत आणली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा अभंग निरक्षर बाईच्याही तोंडी सहज बसला. टिळकांची पदे ‘उपासना संगीत’मध्ये आजही आहेत, आणि आठच्या उपासनेतली ‘आपली’ गाणी मुख्यतः हीच.

गंमत अशी की, माझे पणजोबा टाळ वाजू लागले की बाहेर जाऊन उभे राहत, असे आजोबा सांगायचे. जे देवळात सोडून आलो ते इथे पुन्हा कशाला, हा त्यांचा सवाल. त्यांना ‘आपले’ वाटे ते ऑर्गनवरचे विलायती स्तोत्र! त्यांना हसणे सोपे आहे, पण त्या सोडून येण्याची किंमत त्यांनी मोजली होती.

तरुणांच्या गाण्यांत एकच ओळ दहादा येते, म्हणून नाके मुरडली जातात. मला तर ही पुनरावृत्ती स्तोत्रापेक्षा भजनाच्याच जवळची वाटते. माझी हरकत वेगळी आहे. ही गाणी बहुतेक हिंदी किंवा भाषांतरित. शब्द पडद्यावर उमटतात आणि पुसले जातात. माझ्या ऐंशीच्या आत्याला पडदा दिसत नाही. साठेक पदे तिला तोंडपाठ आहेत, पण दहाच्या उपासनेत ती मुकी बसते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या नातवाने टिळकांचे एक पद गिटारवर बसवायला घेतले. चाल भैरवीतली. सवयीचे कॉर्ड तो लावी आणि कोमल स्वर खटकत. शेवटी त्याने कॉर्ड बदलणेच सोडले. षड्ज-पंचम तेवढे छेडत राहिला. तानपुरा तरी दुसरे काय करतो? आत्या दारात बसून दुसऱ्या ओळीपासून गाऊ लागली. मग म्हणाली, “पळतंय जरा. पण धरता येतंय. उद्या आठला ये, नाहीतर मला दहाला ने.”