जलदेवता : पूजा आणि संयम

पालघर जिल्ह्यात सातपाटीपासून तारापूरपर्यंतचे मच्छीमार श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. या विधीचा अर्थ नीट लक्षात घ्या. पावसाळा हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ. तेव्हा होड्या किनाऱ्यावर विसावतात आणि परंपरेने नारळ वाहिल्यावरच पुन्हा समुद्रात लोटल्या जातात. म्हणजे समुद्राला देव मानणे हे त्याच्याकडून केव्हा घेऊ नये, हे जाणणे होय. आफ्रिकेतही हाच भाव आढळतो. नायजेरियातील ओशोग्बो येथे योरुबा लोकांच्या ओशुन या नदीदेवतेच्या देवराईत मासेमारी निषिद्ध आहे; २००५ मध्ये ही देवराई जागतिक वारसा ठरली. इकडे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांचे सांडपाणी समुद्रातच सोडले जाते. मग संयमाचे बंधन केवळ पूजा करणाऱ्यांवरच असावे काय? यावर आपले मत लिहा.