एरियोच्या काठाने, जुन्या रुळांच्या वाटेने

डोंगरात सायकल घेऊन निघालेल्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक समोरच्या चढाची, दुसरी मागून येणाऱ्या ट्रकची. फ्रान्सच्या आर्देश जिल्ह्यात, एरियो नदीच्या खोऱ्यात, दोन्हींतून सुटका करणारी एक वाट आहे. ऱ्होन नदीकाठच्या ला व्हूल्त गावातून ती निघते, एरियोच्या काठाने पश्चिमेला वर सरकत ल शेलारला पोहोचते आणि तिथे दुभंगते. एक फाटा सँताग्रेव्हच्या पठारावर चढतो, दुसरा डोंगर ओलांडून लामास्त्रला उतरतो. सगळी मिळून सुमारे ९० किलोमीटरची ही वाट 'दोल्चे व्हिया' या नावाने ओळखली जाते. मोटारींना तिच्यावर मज्जाव आहे. चढ कुठेही तीन टक्क्यांच्या फारसा वर जात नाही.

हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. बोरघाटातल्या रेल्वेचा चढ सदतीस मीटरला एक मीटर, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. हे साम्य योगायोगाने आलेलं नाही, कारण एरियोच्या काठची वाटही मुळात रेल्वेचीच आहे. वाफेच्या इंजिनाला जेवढा चढ झेपतो, तेवढा साध्या माणसाच्या पायांनाही झेपतो. सायकलस्वाराला जे सुख इथे मिळतं, त्याचा हिशोब सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी आणि सुरुंग लावणाऱ्या मजुरांनी आधीच मांडून ठेवला होता. आजच्या पर्यटन-पुस्तिकांमध्ये नदीचे, पुलांचे, फुललेल्या बागांचे फोटो भरपूर असतात. या श्रमांचा उल्लेख मात्र ओझरता येतो, आणि ते मला खटकतं.

१८७९ मध्ये फ्रान्सचे बांधकाममंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी देशाच्या कानाकोपऱ्यात रेल्वे नेण्याची मोठी योजना मांडली. त्या लाटेत मुख्य मार्गांपासून दूर पडलेल्या डोंगरी मुलखांकडेही लक्ष गेलं. मात्र तिथे रुंद रूळ टाकणं परवडणारं नव्हतं. मीटरगेज लहान वळणांवरून फिरू शकते. त्यामुळे डोंगर फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो, बोगदे आणि पूल कमी लागतात. ला व्हूल्त ते ल शेलार हा टप्पा १८९१ मध्ये सुरू झाला. वरच्या पठाराशी आणि लामास्त्रशी जोडणी पूर्ण व्हायला १९०३ उजाडलं. या वळणांसाठी माले पद्धतीची इंजिनं आणली गेली. जिनेव्हाजवळ जन्मलेल्या आनातोल माले यांनी चाकांचे दोन संच एकमेकांपासून मोकळे ठेवण्याची युक्ती काढली होती. पुढचा संच वळणाबरोबर वळतो, मागचा इंजिनाच्या सांगाड्याला घट्ट राहतो. आज सायकलस्वार ज्या वळणावर हँडल जेमतेम हलवतो, ते वळण या इंजिनांच्या मापाने आखलेलं आहे.

नदीपासून ही वाट बहुतेक ठिकाणी चांगली उंच ठेवली आहे. एरियो उन्हाळ्यात दगडांमधून वाट काढणारा ओढा वाटतो, पण शरद ऋतूत तिचं रूप बदलतं. भूमध्य समुद्रावरची दमट हवा सेव्हेन डोंगररांगांना आपटते आणि एका दिवसात प्रचंड पाऊस ओतते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस पाहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. तिथे मात्र तो चार महिने पडत नाही, काही तासांत कोसळतो. १८५७ च्या सप्टेंबरमधला पूर या खोऱ्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. त्यानंतर तीन दशकांनी रेल्वे आखणाऱ्यांना नदीची ताकद विसरणं शक्य नव्हतं.

खोऱ्याचा उतार सरळ नाही, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. चुना किंवा सिमेंट न लावता नुसते दगड एकमेकांवर बसवून बांधलेल्या बांधांनी अख्खे डोंगर पेलून धरले आहेत. ही बांधणीची कला युनेस्कोने २०१८ मध्ये फ्रान्ससह आठ देशांच्या नावाने अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. या पायऱ्यांवर वर चेस्टनट, खाली तुती. चेस्टनट हे गरिबाच्या पोटाला आधार देणारं झाड होतं. वाळवून, दळून त्याच्या पिठावर हिवाळा निघायचा. २०१४ पासून आर्देशच्या चेस्टनटला युरोपीय संघाचं उगमस्थानाचं संरक्षण आहे. तुती रेशमासाठी. एकोणिसाव्या शतकात नदीकाठी पाण्याच्या जोरावर रेशमाचा धागा पिळणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत खेड्यातल्या तरुण मुली राबायच्या. मग रेशीमकिड्यांवर रोग आला. पेब्रिन नावाच्या या रोगाचा अभ्यास करण्यासाठी लुई पाश्चर १८६५ पासून जवळच्या आलेस शहरात येत होते. त्यांना उपाय सापडला, पण धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. खालच्या खोऱ्यात मग तुतीची जागा पीचच्या बागांनी घेतली. लवकर नासणारं हे फळ पेट्यांत भरून गाडीने ला व्हूल्तला जायचं आणि तिथून मोठ्या रेल्वेने शहरांच्या बाजारात. मार्चअखेरीस सँ-लोराँ-द्यू-पाप या गावाजवळून जाणाऱ्याला गुलाबी बहर दिसतो, तो या रेल्वेने पोसलेल्या शेतीचा.

तरीही गाडी माणसांना थोपवू शकली नाही. १८६१ मध्ये आर्देशची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांवर होती. १९६२ मध्ये ती अडीच लाखांच्या खाली आली होती. पोरं लिओंला, सँतेतिएनला, पॅरिसला गेली, पायऱ्यांवर झुडपं माजली. बस आणि ट्रक आल्यावर सावकाश चालणारी मीटरगेज मागे पडली आणि १९६८ च्या ऑक्टोबरअखेरीस ती बंद झाली. पाच वर्षांनी, १९७३ मध्ये, ऱ्होनच्या पश्चिम काठच्या मुख्य मार्गावरच्या नियमित प्रवासी गाड्याही थांबल्या, आणि अख्खा जिल्हा प्रवासी रेल्वेविना राहिला. म्हणून आजही पॅरिसहून सायकल घेऊन येणारा माणूस व्हालाँस किंवा लिव्हरों इथे, म्हणजे नदीपलीकडच्या शेजारच्या जिल्ह्यात उतरतो आणि पूल ओलांडून आर्देशमध्ये शिरतो. इथल्या शाळकरी मुलांना, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना रस्त्यावाचून पर्याय नाही. सायकलवाट सुंदर आहे, पण तिने गाडीची जागा भरून काढली असं कुणी म्हणू नये.

तिने वाचवलं ते वेगळंच. रेल्वेमार्ग मेला की पहिल्यांदा त्याचे तुकडे पडतात. एखादा पूल पाडला जातो, स्थानक कुणीतरी घर म्हणून विकत घेतं, शेतकरी बांध सरकवतो. एकदा सलगता तुटली की ती पुन्हा जुळवणं जवळजवळ अशक्य होतं. एरियोच्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायतींनी आणि त्यांच्या संघांनी ही पट्टी टप्प्याटप्प्याने एकसंध केली, तेच या कामाचं खरं मोल. देशात वाट दाखवणारं उदाहरण बर्गंडीतलं होतं. तिथे जिव्री ते क्ल्युनी हा जुन्या रेल्वेवरचा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला. २००४ मध्ये फ्रान्सच्या वाहतूक नियमांत अशा वाटांची व्याख्या आली: मोटार नसलेली वाहनं, पायी चालणारे आणि घोडेस्वार, एवढ्यांसाठीच राखलेला रस्ता. घोड्यांचा उल्लेख शोभेचा नाही. दोल्चे व्हियावर डांबर थोडं आणि दाबून बसवलेली बारीक खडी जास्त आहे. ती पावसाचं पाणी जिरवते, खुरांना आणि गुडघ्यांना सोसवते. शर्यतीच्या अगदी बारीक टायरांना मात्र ती जाचते. थोडे रुंद टायर घालावेत, बोगद्यांसाठी दिवा ठेवावा.

लेझोलिएर, सँ-सोव्हर-द-मोंताग्यू ही गावं नदीच्या वळणांवर बसलेली आहेत. काही जुन्या स्थानकांत आता खाण्याची किंवा मुक्कामाची सोय आहे. ल शेलारला एकेकाळी रेल्वेचा मोठा डेपो होता. आज तिथे कापड आणि दागिन्यांचे कारखाने चालतात, हे पाहून बरं वाटतं, कारण निव्वळ पर्यटकांवर जगणारं खोरं हिवाळ्यात ओस पडतं. तिथून सँताग्रेव्हपर्यंत मात्र पायांची परीक्षा आहे. सुमारे सहाशे मीटर उंची गाठायची असते. पण ती इतकी पसरून दिलेली आहे की आठ-नऊ वर्षांचं मूलसुद्धा थांबतथांबत चढून जाईल. सँ-मार्तँ-द-व्हालामासच्या पुढे रोशबॉन किल्ल्याचे अवशेष दिसतात, चेस्टनट मागे पडतात, पाइन सुरू होतात, हवा थंड होते.

याच जिल्ह्यात सायकलीची दुसरी परंपराही आहे. सँ-फेलिसिएन गावातून १९९२ पासून निघणाऱ्या 'आर्देशवाझ' या यात्रेत हजारो सायकलस्वार एकामागून एक घाट चढतात. मला मात्र उत्तरेला सँतेतिएनमध्ये राहणारे पोल द व्हिव्ही जवळचे वाटतात. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणाऱ्या या माणसाने १८८७ मध्ये सायकलीचं नियतकालिक काढलं आणि आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: सायकल ही शर्यतीपेक्षा देश पाहण्यासाठी आहे, आणि डोंगर चढायला गिअर लावण्यात कमीपणा नाही. तूर द फ्रान्सने साखळी बदलणाऱ्या गिअरला परवानगी दिली ती १९३७ मध्ये, व्हेलोसिओ गेल्यानंतर सात वर्षांनी.

सँताग्रेव्हला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांवर, दोल्चे व्हिया संपते आणि रूळ पुन्हा सुरू होतात. उन्हाळ्यात हौशी मंडळींच्या संस्थेची पर्यटक-गाडी इथून पठारावर ल शाँबों-स्यूर-लिन्यों गावाकडे धावते. दुसऱ्या महायुद्धात याच छोट्या गाडीने ज्यू निर्वासित त्या गावात येत होते. पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि त्यांच्या प्रोटेस्टंट शेजाऱ्यांनी त्यांना घरांत, शेतांत, वसतिगृहांत लपवलं. स्वतः धर्मछळ सोसलेल्या पूर्वजांची आठवण या लोकांत जिवंत होती. पाद्रींचे नातलग दानिएल त्रोक्मे यांनी मुलांबरोबर अटक पत्करली आणि ते १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मरण पावले. इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने १९९० मध्ये या सगळ्या मुलखाचा गौरव केला. क्षयाने आजारी असलेला आल्बेर काम्यू १९४२-४३ मध्ये गावाजवळच्या पानलिए इथे राहत होता आणि 'प्लेग' कादंबरीवर काम करत होता. बहुतेक सायकलस्वार सँताग्रेव्हला कॉफी पिऊन लगेच उतरणीला लागतात. त्यांनी एक दिवस हाताशी ठेवावा, सायकल स्थानकाजवळ लावावी आणि शाँबोंपर्यंत गाडीने जाऊन यावं. तिथे २०१३ मध्ये उघडलेलं स्मृतिस्थळ आहे.