विश्लेषण : ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळीचा ठसा आजच्या बागांवर कसा? कारखान्यांवरच्या रागातून बाग कशी घडली?

इन्स्टाग्रामवर ‘कॉटेज गार्डन’ शोधले की येणारी छायाचित्रे जवळपास एकाच घरातली वाटतात. विटांची पाऊलवाट, वेलींनी झाकलेला लाकडी मांडव, मेंदीच्या कुंपणाने वेगळा केलेला कोपरा आणि एकमेकांत मिसळलेली फुलझाडे. हे सारे आपसूक उगवल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ही रचना ब्रिटनमध्ये साधारण दीडशे वर्षांपूर्वी विचारपूर्वक घडवली गेली आणि तिच्या मुळाशी यंत्रयुगाशी मांडलेले भांडण होते.

बागेचा आणि कारखान्याचा संबंध काय?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रावर बनलेल्या स्वस्त, एकसाची वस्तूंनी ब्रिटिश घरे भरली. कारागिराच्या हाताचे कसब त्यात संपते, अशी जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस यांची तक्रार होती. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स एक्झिबिशन सोसायटी’मुळे या विचाराला नाव मिळाले. खुर्ची, कापड, छपाई, घर असा सगळीकडे तो पसरला. बाग तरी त्यातून कशी सुटणार?

त्या काळी श्रीमंतांच्या बागांमध्ये ‘कार्पेट बेडिंग’ची चलती होती. काचघरात हजारो रोपे वाढवायची, उन्हाळ्यात ती गालिच्याच्या नक्षीसारखी वाफ्यात मांडायची आणि हंगाम संपला की उपटून नवी लावायची. थोडक्यात, फुलांची असेंब्ली लाइनच. मॉरिसला हा प्रकार अजिबात सहन होत नसे. लंडनजवळच्या बेक्सलीहीथ येथे वास्तुविशारद फिलिप वेब याने १८६० च्या सुमारास त्याच्यासाठी ‘रेड हाऊस’ बांधले, तेव्हा जागेवरची फळझाडे शक्य तितकी वाचवूनच घराची आखणी झाली. बागेतल्या जाळीवर चढलेल्या गुलाबांवरून मॉरिसने १८६२ मध्ये ‘ट्रेलिस’ हा वॉलपेपर रेखाटला. घर आणि बाग मिळून एकच वस्तू, हा विचार इथे पहिल्यांदा ठळक दिसतो.

मग वाद कशावरून पेटला?

‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) लिहिणाऱ्या विल्यम रॉबिन्सनचे म्हणणे होते की, त्या मातीत टिकतील अशी काटक, बारमाही झाडे लावा आणि त्यांना आपल्या मनाने वाढू द्या. वास्तुविशारद रेजिनाल्ड ब्लोमफिल्डने १८९२ मध्ये ‘द फॉर्मल गार्डन इन इंग्लंड’मधून उलट बाजू मांडली. बाग हा घराचा विस्तार, त्यामुळे भिंती, पायऱ्या, सरळ रेषा हव्यात आणि ते काम वास्तुविशारदाचे. दोघांची जाहीर जुंपली. आजही आर्किटेक्ट आणि माळी एका प्लॉटवर भेटले, तर साधारण हेच संवाद ऐकू येतील.

हा तिढा सोडवला तो गरट्रूड जीकिल (१८४३-१९३२) आणि एडविन लटियन्स या जोडीने. तिने चित्रकलेचे शिक्षण घेतले होते, भरतकाम आणि धातुकामही ती करीत असे. दृष्टी मात्र फार अधू. १८८९ मध्ये भेट झाली तेव्हा लटियन्स विशीतला होता, ती पंचेचाळिशी ओलांडलेली. सरेमधील मन्स्टेड वूड हे तिचे घर त्याने स्थानिक बार्गेट दगडात बांधले. पुढे वाटणी ठरून गेली : हाडे त्याची, मांस तिचे. तो भिंती, पायऱ्या आणि पाण्याचे पाट आखायचा. त्यांच्या कडा झाडांनी मऊ करण्याचे काम तिच्याकडे असे.

जीकिलचे खरे योगदान तांत्रिक आहे. लांबलचक ताटव्याच्या दोन्ही टोकांना ती निळे, करडे, फिके रंग ठेवी. मध्याकडे येताना पिवळा, केशरी आणि अगदी मधोमध लाल. लाल-केशरी बघून थकलेला डोळा आपोआप निळ्या-करड्याकडे ओढला जातो, हे चित्रकार म्हणून तिला ठाऊक होते. दुसरी युक्ती लागवडीची. चौकोनी वाफ्यांऐवजी ती एकाच जातीची झाडे लांबट, तिरप्या पट्ट्यांत लावी. एका पट्ट्याचा बहर संपला, की तो अरुंद असल्याने रिकामी जागा उठून दिसत नाही आणि शेजारचा पट्टा ती झाकून टाकतो. इंजिनीअरिंगमध्ये याला आम्ही ‘रिडन्डन्सी’ म्हणायचो : एक भाग बंद पडला तरी यंत्रणा चालू राहते. आजचे डिझायनर आराखड्यात ‘ड्रिफ्ट’ असा शब्द वापरतात, तो याच पट्ट्यांसाठी.

ही जोडी पाहायची तर सॉमरसेटमधील हेस्टरकूम (१९०४ ते १९०८) सर्वांत उत्तम. खोलगट चौक, दोन्ही बाजूंना दगडी काठांचे अरुंद पाट आणि टोकाला वेलींचा मांडव. त्याचे दगडी खांब आळीपाळीने गोल आणि चौकोनी. भिंतींच्या आणि पायऱ्यांच्या सांध्यांतून फुले डोकावतात. कोकणातल्या गडग्यावर पावसाळ्यात जे आपोआप उगवते, ते इथे मुद्दाम लावलेले आहे. मधल्या काळात ही बाग पार मोडकळीला आली. १९७३ मध्ये जीर्णोद्धार सुरू झाला आणि त्यासाठी जीकिलचे मूळ लागवड आराखडे उपयोगी पडले. ते सापडले बागेच्या खोपटातल्या खणात.

आज त्यातले काय उरले?

सर्वांत जास्त नक्कल झाली ती ‘बागेच्या खोल्यां’ची. ग्लॉस्टरशायरमधील हिडकोट येथे लॉरेन्स जॉन्स्टनने १९०७ नंतर उंच हिरव्या कुंपणांच्या भिंती उभारून बाग खोल्याखोल्यांत विभागली. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरॉल्ड निकल्सन यांनी १९३० मध्ये घेतलेल्या सिसिंगहर्स्टमध्ये तर एक खोली जवळजवळ फक्त पांढऱ्या फुलांची. जागा एका नजरेत संपत नाही म्हणून ती मोठी वाटते, हे साधे गणित आज घरामागच्या चिंचोळ्या तुकड्यातही वापरले जाते.

अडचण माणसांची आहे. असे ताटवे माळ्यांच्या मोठ्या ताफ्यावर चालत आणि पहिल्या महायुद्धानंतर तो ताफा ब्रिटनमधल्या बहुतेक मालकांना परवडेनासा झाला. चळवळीचे जुने दुखणे इथेही दिसते. कारागिराच्या सन्मानासाठी बनवलेल्या वस्तू शेवटी श्रीमंतांच्याच घरी गेल्या. यावर ‘लो मेंटेनन्स’ हे आजचे उत्तर मला अर्धवट वाटते. हातांना काम नसलेली बाग या विचाराची वारस कशी म्हणायची?

जास्त पटणारे उत्तर ससेक्समधील ग्रेट डिक्स्टरने दिले. लटियन्सने विस्तारलेल्या या घराचे वारस ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३ मध्ये तिथली जुनी गुलाबबाग उपटून केळी, कर्दळ, डेलिया लावली. आपल्या परसातली ही झाडे, पण तिकडे भुवया उंचावल्या. त्यांच्यानंतर फर्गस गॅरेट यांनी ही बाग शिकाऊ माळ्यांची शाळा केली आहे. तिथल्या जैवविविधतेच्या सर्वेक्षणात अनपेक्षित निष्कर्ष निघाला. कुरण आणि जंगलापेक्षाही घराभोवतीच्या दाट, मिश्र लागवडीत जीवजाती जास्त आढळल्या. सिसिंगहर्स्टमध्येही डॅन पिअर्सन यांनी ‘डेलोस’ हा भाग कमी पाण्यावर जगणाऱ्या भूमध्यसागरी झाडांनी नव्याने साकारला. उन्हाळे तापत असताना मूळ आराखडा जसाच्या तसा जपायचा की हवेप्रमाणे झाडे बदलायची, हा आता तिथला खरा प्रश्न आहे. रॉबिन्सनचा कौल बहुधा दुसऱ्या बाजूला पडला असता.

भारताशी काय नाते?

राष्ट्रपती भवनातील अमृत उद्यान, म्हणजे २०२३ पर्यंतचे मुघल गार्डन, याच लटियन्सचे. आराखडा १९१७ चा, लागवड १९२८-२९ मधली. ती उद्यान अधिकारी विल्यम मुस्टो यांच्या साथीने झाली. मुघल चारबागेचे कालवे आणि इंग्रजी ताटवे तिथे एकत्र आहेत. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण रांग लावून पाहतो ती हंगामी फुलांची आरास रॉबिन्सनला फारशी रुचली नसती.

जीकिलचे आराखडे मात्र इंग्लंडमध्ये राहिले नाहीत. अमेरिकी उद्यानरचनाकार बिअॅट्रिक्स फॅरंड यांनी ते विकत घेतले आणि आज त्यांचा मोठा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील दप्तरात आहे. त्यांच्या डिजिटल प्रती फोनवरही उघडतात. झूम केल्यावर तिरपे पट्टे आणि त्यात लिहिलेली झाडांची नावे दिसतात. अक्षर मात्र लागता लागत नाही.