क्षणजीवी केंद्रकांचे वजन

सुगी आटोपली की महाडच्या बाजारात भाताच्या गोण्या येऊ लागतात. पूर्वी त्या तागडीवर तोलीत; आता विजेचे काटे आले आहेत. पण तागडी असो वा काटा, दोहोंची एकच अट असते. वजन कळेपर्यंत वस्तू तेथे स्वस्थ राहिली पाहिजे. मुलांनो, जी वस्तू काट्यावर ठेवण्यापूर्वीच नाहीशी होते, तिचे वजन कसे बरे करावे?

अशा वस्तू जगात आहेत. अणूच्या मध्यभागी प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचा जो घट्ट पुंजका असतो, त्यास केंद्रक म्हणतात. लोखंडाची वा सोन्याची केंद्रके युगानुयुगे टिकतात. परंतु काही केंद्रके जन्मताच मोडू लागतात. सोमल हे विष तुम्ही ऐकून असाल. ते आर्सेनिक या मूलद्रव्यापासून होते. त्याच्या नेहमीच्या केंद्रकात 33 प्रोटॉन व 42 न्यूट्रॉन असतात. त्याचाच एक भाऊबंद आहे, आर्सेनिक-65. त्यात न्यूट्रॉन अवघे 32. अशी पुष्कळ केंद्रके एकत्र घेतली, तर सेकंदाच्या सुमारे आठव्या भागात त्यांतील निम्मी मोडून जातात.

आता पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारी एस.टी. आठवा. आंबेनळी घाट रिकामी गाडी लवकर चढते, खच्चून भरलेली गाडी उशिरा पोचते. इंजिन तेच, रस्ता तोच. मग वर उभा असलेला मनुष्य नुसते घड्याळ पाहूनही गाडीतील भार ताडू शकेल. शास्त्रज्ञांनी हीच युक्ती योजिली आहे. तोलण्याऐवजी ते वेळ मोजतात.

केंद्रकांना वेग देणारे एक मोठे यंत्र मुंबईस कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात, 1988 साली सुरू झाले. मात्र क्षणजीवी केंद्रकांना गोल मार्गावर फिरवून त्यांचे वस्तुमान काढणारी यंत्रे जगात थोडी आहेत : जर्मनीत डार्मस्टाट, जपानात वाको आणि चीनमध्ये लान्झौ येथे. लान्झौच्या कड्याचा घेर 128.8 मीटर, म्हणजे एखाद्या लहानशा शाळेच्या पटांगणाएवढा. प्रबळ विद्युतचुंबक केंद्रकांना वळवीत राहतात, आणि ती प्रकाशाच्या सुमारे सात-दशांश वेगाने धावतात. एका सेकंदात सोळा लाखांवर फेऱ्या व्हाव्यात, असा हा वेग आहे!

येथे एक अडचण उभी राहते. एकाच जातीची केंद्रकेही सारख्या वेगाने निघत नाहीत. मग वेळेतील फरक भारामुळे पडला की वेगामुळे, हे कसे ओळखावे? यावरचा उपाय मला फार आवडतो. पटांगणावर चपळ मुलाला बाहेरच्या, लांब रेषेवरून धावावयास लावले आणि मंद मुलाला आतल्या, आखूड रेषेवरून, तर दोघेही एकाच वेळी फेरी पुरी करतील. चुंबकांची रचना नेमकी हेच साधते. वेगवान केंद्रक आपोआप बाहेरून जाते, मंद केंद्रक आतून. मग फेरीच्या वेळेत जो फरक उरतो तो वस्तुमानाचा. (विद्युतभारही जमेस धरावा लागतो, पण तो ठाऊक असतो.)

पण वेळ मोजणार कोण? एस.टी. स्थानकातील नियंत्रक गाडी थांबवून वेळ टिपतो. केंद्रक थांबविले तर खेळच संपला. पावसाळ्याच्या अखेरीस रानवाटेने जाताना कोळ्याचे जाळे तोंडाला लागते. ते जाणवते, परंतु चाल अडत नाही. केंद्रकांच्या वाटेवर असेच एक जाळे धरतात. ते असते कार्बनच्या चकतीचे. रुंदी चार सेंटीमीटर, जाडी मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग. अशा सुमारे हजार चकत्या एकावर एक रचाव्या, तेव्हा कोठे तुमच्या पुस्तकाच्या एका पानाएवढी जाडी होईल. केंद्रक चकतीतून पार जाताना तीतून काही इलेक्ट्रॉन उडतात. त्यांना बाजूस वळवून एका काचेच्या पट्टीवर नेतात. त्या पट्टीला केसाहून बारीक अशी असंख्य छिद्रे असतात. छिद्राच्या भिंतीवर एक इलेक्ट्रॉन आपटला की अनेक सुटतात, ते आपटले की आणखी, आणि क्षणार्धात लाखो इलेक्ट्रॉनांचा लोंढा होऊन विजेचा ठोका पडतो. या ठोक्याची वेळ किती अचूक असते? तीतील चूक एवढी अल्प, की तेवढ्या अवधीत प्रकाशदेखील दीड सेंटीमीटरच काय तो पुढे सरकेल.

तरी पाहा, जाळे ते जाळेच. प्रत्येक वेळी केंद्रकाचा थोडा वेग ते घेतेच. म्हणून चकती पातळ करावी, तर इलेक्ट्रॉन कमी उडतात आणि एखादी फेरी नोंदलीच जात नाही. मी शर्यतीच्या वेळी घड्याळ घेऊन उभा असताना एका मुलाची फेरी मोजावयाची चुकलो होतो, आणि त्याने ती चूक मला तेथल्या तेथे दाखवून दिली. केंद्रक तक्रार करीत नाही. परंतु फेऱ्यांचे अंतर सारखे असल्याने गाळलेली फेरी हिशेबाने भरून काढता येते. शिवाय फेऱ्या पुष्कळ असण्याचा मोठा लाभ आहे. ठोक्यातील चूक एका फेरीवर पडली तर जड. तीच तीनशे फेऱ्यांत वाटली गेली की नगण्य. या तीनशे फेऱ्या सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात उरकतात. मग ज्यांचे वस्तुमान आधीच ठाऊक आहे, अशा सोबतच्या केंद्रकांशी वेळ ताडून पाहतात. तीच येथील वजने.

आर्सेनिक-65 चे वस्तुमान लान्झौ येथे असेच मोजले गेले व 2011 साली प्रसिद्ध झाले. ते हवे होते ताऱ्यांसाठी. काही अतिशय घन ताऱ्यांवर शेजारच्या ताऱ्यातील हायड्रोजन येऊन साचतो आणि त्याचा प्रचंड भडका उडतो. त्या भडक्यात केंद्रके एकामागून एक प्रोटॉन गिळीत जड होत जातात. जर्मेनियम-64 पाशी ही वाटचाल अडून बसते काय, असा प्रश्न होता. कारण पुढची पायरी म्हणजे हेच आर्सेनिक-65, आणि त्याचे वजन कोणी केलेले नव्हते. ते कळल्यावर हिशेब मांडला, तो बहुतेक केंद्रके तेथे न थांबता पुढे जातात असे दिसले.

पुढे लान्झौकरांनी त्या कड्यात एकमेकींपासून 18 मीटरवर दोन चकत्या बसविल्या. एकीवरून दुसरीवर पोचावयास लागणारा वेळ पाहून आता प्रत्येक केंद्रकाचा वेगही वेगळा मोजता येतो. आणि बाहेरची रेषा व आतली रेषा यांच्या मांडणीत जी थोडी चूक राहून जात असे, तीही सुधारून घेता येते.