विसाव्या षटकानंतरची भाकरी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालं की यवत मागे पडतं आणि चौफुला यायच्या आधी भांडगाव लागतं. पुण्यापासून साधारण पन्नास किलोमीटर. आजूबाजूला उसाची शेतं, कारखान्यांच्या शेड आणि रस्त्याला लागून हॉटेलं. त्यांच्या पाटीवर ‘स्पोर्ट्‌स बार’ असं लिहिलेलं नसतं. ‘गार्डन, फॅमिली रेस्टॉरंट, परमिट रूम’ एवढंच असतं. पण आयपीएल सुरू झाली की गार्डनमध्ये पडदा लागतो, परमिट रूममधला टीव्ही मोठा होतो, आणि कारखान्यातली पोरं, ऊसवाले शेतकरी, लांबच्या प्रवासातली कुटुंबं असे सगळे एकाच वेळी एकाच पडद्याकडे बघत जेवतात.

या हॉटेलांतून बाहेर पडताना ऐकू येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत. जेवण फार उशिरा आलं. झाडाखाली बसलो तर बिअर दिली नाही. बिलात टॅक्स दोनदा लावला. ऐन शेवटच्या षटकात टीव्ही गेला. यातल्या काही तक्रारी खऱ्या असतात, काहींमध्ये हॉटेलवाल्याचा काहीच दोष नसतो. कुठली कशातली, हे ओळखता यायला हवं. त्यासाठी आत काय चालतं ते बघू.

आधी बसायची जागा. परमिट रूमचा परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. त्याला एफएल-३ म्हणतात. हा परवाना मालकाच्या नावावर असला तरी तो जागेला बांधलेला असतो. दारू कुठे ठेवायची, कुठे द्यायची, हे मंजूर नकाशात दाखवावं लागतं. झाडाखालची टेबलं त्या नकाशात नसतील तर तिथे ग्लास आणून देणं म्हणजे परवाना धोक्यात घालणं. वेटर ‘आत बसा साहेब’ म्हणतो तेव्हा तो बहुधा नियमच सांगत असतो. फॅमिलीसाठी वेगळी बाजू ठेवण्याचा फायदा मला मोलाचा वाटतो. लेकीबाळींना घेऊन आलेल्या माणसाला शेजारच्या टेबलावरच्या आरड्याओरड्याची धास्ती नको. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची, बाकी मद्यासाठी २५ वर्षांची. दाढी-मिशी बघून अंदाज बांधण्यापेक्षा वेटरने ओळखपत्र मागितलं तर राग मानू नये.

हायवेवरच्या बारवाल्यांना अजून एक तारीख पाठ असते, १५ डिसेंबर २०१६. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करण्याचा निकाल दिला. पुढे वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केलं. १ एप्रिल २०१७ पासून हायवेवरच्या बारांना कुलपं लागली. नंतर शहरी हद्दीला सूट मिळाली, आणि २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या हद्दीतलं कुठलं गाव सूट मिळण्याजोगं आहे ते राज्यांनी ठरवावं असं न्यायालयाने सांगितलं. त्या निकालामागचं कारण साधं होतं, रस्त्यावरचे मृत्यू. त्याकडे शेवटी परत येतो.

आता मुद्द्याचं, उशिरा येणारं जेवण. सामना साडेसातला सुरू होतो. लोक सात-सव्वासातला येतात आणि पहिल्या सहा षटकांच्या पॉवरप्लेमध्ये कोणी जेवण सांगत नाही. चकणा, सोडा, चिकन चिली, मसाला पापड एवढ्यावर चालतं. मग अडीच मिनिटांचा टाइमआउट येतो आणि दहा टेबलांवरून एकदम हात वर होतात. त्यानंतर डावांमधली वीस मिनिटं येतात. सगळ्या हॉटेलाला त्याच वीस मिनिटांत जेवायचं असतं. स्वयंपाकघराच्या बाजूने बघा. वेटर ऑर्डरची चिठ्ठी फाडतो, तिला केओटी म्हणतात. एक प्रत आचाऱ्याकडे, एक काउंटरवर. दारूची चिठ्ठी वेगळी, ती बारकडे जाते. बारमधून ग्लास दोन मिनिटांत येतो, कारण तिथे फक्त ओतायचं असतं. म्हणून माणसाला वाटतं, दारू लगेच देतात आणि जेवणाला मुद्दाम रखडवतात. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या रांगा आहेत.

मटणाचं तसं अडत नाही. ते दुपारीच शिजवून ठेवलेलं असतं. ऑर्डर आली की सुक्कं तव्यावर परततात, रस्सा गरम करतात. तंदुरी चिकनला पंधरा-वीस मिनिटं लागणारच. खरी अडचण भाकरीची. तंदूरमध्ये एका वेळी बऱ्याच रोट्या चिकटवता येतात, पण बाजरीची भाकरी एकेक थापावी लागते, तव्यावर पाणी फिरवून उलटावी लागते, मग जाळावर फुगवावी लागते. एका बाईच्या एका तव्यावर एका भाकरीला दोन मिनिटं धरली तर आठ जणांच्या टेबलाच्या सोळा भाकऱ्यांना अर्धा तास लागतो. आणि अशी पाच टेबलं एकदम सांगतात. पीठ आधी मळून ठेवता येत नाही, बाजरीचं मळलेलं पीठ चटकन विरी सोडतं आणि भाकरी थापताना तुटते. हे कळल्यापासून मी पहिल्या टाइमआउटच्या आधीच भाकरीची संख्या सांगतो आणि ‘पंधराव्या षटकाला आणा’ असंही सांगून ठेवतो. चुलीपुढच्या बाईला तेवढी उसंत मिळते आणि भाकरी ताटात गरम पडते. ज्या हॉटेलात सामन्याच्या दिवशी दुसरा तवा आणि दुसरी बाई ठेवतात, तिथे मालकाला धंदा कळतो. वर्षभर एकाच तव्यावर भागवून आयपीएलमध्येही तसंच रेटणाऱ्या हॉटेलाबद्दलची तक्रार मात्र खरी.

टीव्हीचं गणित वेगळंच आहे. एकदा मी एका हॉटेलच्या गार्डनमध्ये बसलो होतो. पडद्यावर गोलंदाज अजून धावतच होता आणि आतून ‘सिक्स’ असा गलका झाला. आत डिशवरचं चित्र होतं, बाहेर इंटरनेटवरचं. इंटरनेटवरचं चित्र लहान लहान तुकडे करून पाठवतात आणि अडकू नये म्हणून थोडं साठवून मग दाखवतात, त्यामुळे ते काही सेकंद मागे राहतं. गार्डनवाल्यांची सगळी मजा गेली. हॉटेलवाल्याने दोन्ही पडदे एकाच जोडणीवर ठेवले की हा प्रश्न संपतो. प्रोजेक्टरचा पडदा उघड्यावर अंधार पडल्याशिवाय दिसत नाही. रविवारचा साडेतीनचा सामना बघायचा असेल तर आत बसणं बरं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव आला की डिशचं चित्र जातं, कारण उपग्रहाकडून येणारा संदेश दाट पाऊस शोषून घेतो. त्या वेळी वेटरवर ओरडून काही होत नाही. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला तरी सेट-टॉप बॉक्स पुन्हा चालू व्हायला वेळ घेतो. त्याला छोटा इन्व्हर्टर लावणं मात्र हॉटेलवाल्याच्या हातात असतं.

मापाबद्दल गिऱ्हाइकाने संकोच करू नये. स्मॉल म्हणजे ३० मिलिलिटर, लार्ज म्हणजे ६०. क्वार्टर १८० मिलिलिटरची, म्हणजे तीन लार्ज. ७५० च्या बाटलीतून २५ स्मॉल निघतात. माप समोर भरायला सांगणं, बाटलीचं सील समोर फोडायला लावणं हा गिऱ्हाइकाचा साधा हक्क आहे. चांगला बारवाला ते न सांगताच करतो.

बिलात टॅक्स दोन दिसतात कारण तो खरोखर दोन प्रकारचा आहे. जेवणावर जीएसटी ५ टक्के. दारू जीएसटीत येतच नाही. परमिट रूममध्ये दिलेल्या मद्यावर राज्याचा व्हॅट लागतो, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. समजा जेवण ८०० रुपयांचं आणि दारू ६०० ची. जेवणावर ४०, दारूवर ६०, एकूण १,५००. जेवणाच्या रकमेवर व्हॅट लावलेला दिसला तर थांबवून विचारावं. शेजारच्या खानावळीत टॅक्सच नसतो, असंही लोक म्हणतात. लहान खानावळीला कंपोझिशन योजना घेता येते आणि त्यात गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. दारू देणाऱ्या हॉटेलला ही योजना मिळतच नाही. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. तो नको म्हणता येतो. बक्षिसी वेटरच्या हातात द्यावी, घर सोडून लांबून आलेल्या त्या पोरांना ती पोचते.

वर्षात काही दिवस इथे सगळं शांत असतं. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडला निघते, ती याच रस्त्याने. आषाढी एकादशीला ड्राय डे असतो. आणि गावातल्या बायांनी ठरवलं तर कायमचाही होऊ शकतो: महिलांच्या मतदानात आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, निम्म्याहून जास्त महिला मतदारांची मतं पडली तर दुकान बंद करावं लागतं. बारवाल्याने गावाशी नीट वागण्याला हे एक भक्कम कारण आहे.

राहिला रस्ता. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेऊन गाडी चालवली तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सामना संपतो रात्री अकराच्या पुढे. बाहेर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे दिवे असतीलच असं नाही, आणि सुसाट ट्रक. म्हणून आमच्या टेबलावर पहिली ऑर्डर जायच्या आधी एकच गोष्ट ठरते, आज गाडी कोण चालवणार. त्याच्यासाठी ताक येतं, किल्ली त्याच्या खिशात जाते, आणि पंधराव्या षटकाला आलेली पहिली भाकरी त्याच्या ताटात पडते.